डॉक्टरची गाडी

बिऱ्हाड हलवण्याच्या बाबतीत आमचा जिल्हा मुळातच बदनाम आहे. 1327 च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीचं बिऱ्हाड दौलताबादला आणलं आणि काही वर्षांनी परत नेलं. त्या सगळ्या खटाटोपातून आम्हाला मिळालं काय, तर नान-खलिया. तोही त्याच फौजेबरोबर आला असं म्हणतात. पावती कुणाकडे नाही. एवढा इतिहास उशाला असताना मी जुनं मोटरहोम घेतलं. बचावात इतकंच सांगतो की महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं होतं. धोरण शासनाचं होतं, मी फक्त अंमलबजावणी केली.

नवं मोटरहोम करायचं तर आधी टेम्पो ट्रॅव्हलरसारखी गाडी घ्यायची, मग ती बॉडी बांधणाऱ्याकडे द्यायची आणि त्याचं बिल आलं की राहतं घर विकून गाडीत राहायला जायचं. म्हणून जुनं. पण जुन्या मोटरहोमचा आपल्याकडे बाजारच नाही. जुन्या मारुतीचा भाव पानटपरीवालासुद्धा सांगतो, मॉडेल आणि पासिंग विचारून. मोटरहोमचा भाव कुणालाच ठाऊक नसतो. विकणारा स्वप्नाचा भाव सांगतो आणि घेणारा पत्र्याचा. मी एकदा घेणारा झालो आणि एकदा विकणारा, आणि दोन्ही वेळा उलट्या बाजूने हिशेब केला.

गाडी पाहिली ती जालना रोडवरच्या एका जुन्या गाड्यांच्या आवारात. पांढरा रंग, निळा पट्टा, बाराचं पासिंग. आत समोरासमोर दोन बाकं, रात्री जोडली की पलंग. गॅसची शेगडी, सिंक, ऐंशी लिटरची टाकी आणि मागच्या कोपऱ्यात न्हाणीघर. आत शिरताना तोंड कुठल्या दिशेला ठेवायचं हे बाहेरच ठरवून जावं लागे, कारण आत वळता येत नसे.

"डॉक्टरची गाडी आहे सर," डीलर म्हणाला. "सिंगल हँड."

जुन्या गाड्यांच्या बाजारात गाडी डॉक्टरची असते, नाहीतर बँक मॅनेजरची. ठेकेदाराने वापरलेली गाडी विकायला आलेली मी आजवर पाहिलेली नाही. ठेकेदार बहुधा गाड्या पुरून टाकत असावेत. पण मला शंका आली नाही. डॉक्टर माणूस, गाडीचीही वेळच्या वेळी तपासणी करत असणार, एवढाच विचार मनात आला.

तरी खबरदारी म्हणून मोंढा नाक्याजवळचा माझा नेहमीचा मिस्त्री बरोबर नेला होता. त्याने बॉनेट उघडलं, ऑइलचा दांडा काढून दोन बोटांत चोळला, गाडी सुरू करून डोळे मिटून आवाज ऐकला. मग आतलं सिंक, शेगडी, पडदे बघितले आणि खाली उतरला.

"साब, इंजन मय देख लिया. घर देखने कू दुसरा मिस्त्री बुलाव."

हा सल्ला होता हे मला बरंच उशिरा कळलं. त्या वेळी विनोद वाटला, म्हणून मी हसलो. डीलरही हसला. मिस्त्री हसला नाही.

भाव साडेआठ लाखांवरून "टेबलावर बसल्यावर कमी-जास्त करू" इथवर आला. टेबलावर बसल्यावर चहा आला, वीस हजार कमी झाले आणि नाव चढवण्याचा खर्च म्हणून पंधरा हजार वाढले. मी स्वतःला वाटाघाटीतला माणूस समजतो, त्यामुळे ती खुर्ची मी आणखी अर्धा तास सोडली नाही आणि सीट कव्हर फुकट मिळवले. फॉर्म 29, फॉर्म 30, आधार, पॅन, फोटो, सह्या. आरसीचं स्मार्ट कार्ड मी हातात घेऊन, चष्मा वर करून, खाली करून बारकाईने पाहिलं आणि "ठीक आहे" म्हणालो.

पहिली अडचण पाण्याची आली. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरोघरी पिंप, घागरी, बादल्या, पातेली, सगळं भरून घेतात. अशा दिवशी मी पाइप लांब करून गाडीची टाकी भरायला घेतली, तर सौ. दारात येऊन उभी राहिली.

"ऐंशी लिटर? गाडीला?"

तीन दिवसांनी घरातलं पाणी संपलं, तेव्हा तिने तोच पाइप उलटा लावला आणि गाडीतलं पाणी घरात घेतलं. मोटरहोमचा आमच्या कुटुंबाला झालेला हा पहिला फायदा. पुढे शेजारच्या काकूही एक बादली घेऊन यायला लागल्या. गाडी कुठेही न हलता कॉलनीत लोकप्रिय झाली.

शेवटी एका शनिवारी आम्ही निघालो. म्हैसमाळ. दौलताबादच्या किल्ल्याच्या तटबंदीतल्या जुन्या वेशीतून रस्ता जातो. तिथे एका वेळी एकच मोठी गाडी मावते, आणि सुट्टीच्या दिवशी दोन्ही बाजूंच्या गाड्या आपणच ती एक आहोत असं समजून आत घुसतात. आम्ही अडकलो. पुढे एसटी, मागे खुलताबादला भद्रा मारुतीला निघालेल्यांच्या जीपगाड्या. पण तिथेच मोटरहोमने आपलं वचन पाळलं. सौ.ने शेगडी पेटवली, आलं ठेचलं आणि वेशीच्या कमानीखाली आम्ही चहा घेतला. एसटीचा कंडक्टर खाली उतरून बघत होता, त्यालाही दिला. धोरणात अपेक्षित होतं ते हेच, असं मला वाटलं.

मुक्काम केला तो म्हैसमाळच्या अलीकडे, एका वस्तीच्या शाळेसमोरच्या मोकळ्या जागेत. रात्र छान गेली. सकाळी सहाला मी बनियन-लुंगीवर दात घासत बाहेर उभा होतो. समोरून काठी टेकत एक आजी आल्या. त्यांच्यामागे आणखी दोन, मागे एक फेटेवाले बाबा. आजी माझ्यापाशी थांबल्या.

"डागदर उठले का?"

"कोण डॉक्टर?"

आजींनी माझ्या बनियनकडे, मग ब्रशकडे पाहिलं आणि मागे वळून बाबांना सांगितलं, "कंपौंडर हाये."

मी गाडीकडे वळून पाहिलं. कोवळं ऊन पत्र्यावर तिरपं पडलं होतं आणि पांढऱ्या रंगाखालून, निळ्या पट्ट्याच्या वर, हातभर उंचीची अक्षरं फुगून आली होती: मोफत नेत्रतपासणी शिबिर. दुपारच्या उन्हात ती दिसत नसत. डीलरने आम्हाला गाडी दुपारी दाखवली होती.

तोवर रांग शाळेच्या फाटकापर्यंत गेली होती. मी समजावून सांगायला लागलो की हे घर आहे, दवाखाना नाही. त्यावर फेटेवाले बाबा म्हणाले, मग रस्त्यात कशाला लावलंय? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सौ. मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य काढलेली. रांग दिसली की तिला राहवत नाही. तिने पलंगाजवळचा उचकटलेला वॉलपेपर हाताने आणखी ओढला, आणि खरोखरच त्याच्यामागे भिंतीला चिकटवलेला अक्षरांचा तक्ता निघाला. वर मोठं अक्षर, खाली बारीक होत गेलेल्या ओळी.

"बसा आजी. एक डोळा झाका."

"मला कुठं वाचता येतं बाई? मागल्या बारीला तीन बोटांचं चित्र व्हतं, बोटं कुन्या अंगाला हायेत ते सांगायचं व्हतं."

तेही निघालं, तक्त्याच्या बाजूला. आजी नियमित पेशंट होत्या. सौ.ने वहीत नावं लिहून घेतली, ज्यांना दिसत नव्हतं त्यांना घाटी रुग्णालयात जाऊन डोळे दाखवा म्हणून सांगितलं आणि बसच्या वेळासुद्धा लिहून दिल्या. सगळं उरकल्यावर तिने मला समोर उभं केलं. चौथ्या ओळीपाशी मी अडखळलो. पाचवी ओळ आहे हे मला तिने सांगितल्यावर समजलं.

"आरसी तुम्हीच वाचली होती ना?" तिने विचारलं.

घरी येऊन तिने कार्ड खिडकीपाशी नेलं आणि मोठ्याने वाचलं. वाहनाचा वर्ग: मोबाईल क्लिनिक.

डीलरला फोन केला तर तो उलट दुखावला. "सर, मी काय खोटं बोललो? डॉक्टरची गाडी म्हणालो होतो." जुन्या गाड्यांच्या इतिहासात हे वाक्य शब्दशः खरं असण्याची ही बहुधा एकमेव वेळ असावी.

या एका ओळीत किती कायदा भरलेला आहे हे मग कळलं. फिरता दवाखाना हा वाहतूक वाहनांच्या यादीत येतो, त्यामुळे त्याला फिटनेस लागतं. गाडी आठ वर्षांच्या आत असेल तर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी. घरगुती वापराची कॅम्पर व्हॅन मात्र बिगर-वाहतूक. म्हणजे दवाखान्याचं घर करायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे बदलाची मंजुरी हवी, आणि मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 नावाचं वेगळं मानकही आहे. मागच्या मालकाने सिंक बसवलं, शेगडी बसवली, पडदे शिवले. कागद मात्र शिवून घेतला नव्हता. आरटीओच्या एजंटने दुसरा मार्ग सुचवला: दवाखाना म्हणूनच फिटनेसला न्या. पलंग आहेच, तपासणीचा म्हणू. शेगडीचं काय, मी विचारलं. "इंजेक्शनच्या सुया उकळायला," तो म्हणाला. न्हाणीघराबद्दल मी विचारलं नाही.

विकायचं ठरलं. इथे माझा जालन्याचा मेहुणा कामाला आला. मेहुणे अशाच वेळी कामाला येतात. "दाजी, दारात ठेवून गिऱ्हाईक येत नसतं. पार्क अँड सेलला लावा."

पार्क अँड सेल म्हणजे असं: गाडी आपली, जागा डीलरची. त्याने ती आपल्या आवारात उभी करायची, गिऱ्हाइकांना दाखवायची, सौदा जमला की कमिशन कापून पैसे आपल्याला द्यायचे. तो गाडी विकत घेत नाही, म्हणून त्याचा पैसा अडकत नाही. आपली मात्र गाडीही अडकते आणि आरसीही. बीड बायपासच्या एका आवारात मी गाडी नेली. त्याने दोन्ही किल्ल्या मागितल्या, मूळ आरसी मागितली आणि फॉर्म 29, 30 कोरे ठेवून सह्या मागितल्या.

या वेळी मी अभ्यास करून गेलो होतो. त्याला सांगितलं की 22 डिसेंबर 2022 ची अधिसूचना आहे, 1 एप्रिल 2023 पासून लागू. जुन्या गाड्यांच्या डीलरला आता आरटीओचं अधिकारपत्र लागतं. मालकाने गाडी ताब्यात दिली की 29-सी नावाच्या फॉर्मवर तशी ऑनलाइन सूचना द्यायची. मग गाडी विकेपर्यंत डीलरच मालक धरला जातो, जबाबदारी त्याची. शिवाय कुठल्या कामासाठी किती किलोमीटर चालवली याची नोंदवही ठेवायची.

त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "काका, तुमच्यासारखी वाचणारी माणसं राहिली नाहीत हो," तो म्हणाला आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत कोऱ्या फॉर्मवर माझ्या सह्या झाल्या होत्या आणि 29-सी तसाच राहिला होता. कौतुकापुढे माझा कायदा टिकत नाही.

पुढचे काही दिवस फोन शांत होता. मग एका सकाळी मेसेज आला: फास्टॅग, खेड शिवापूर टोलनाका, पैसे कापले. थोड्या वेळाने आनेवाडी. मग तासवडे. किणीचा मेसेज आला तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो.

"कोल्हापूरला चाललीय," मी म्हणालो.

"अंबाबाईचं दर्शन घेऊन येईल," सौ. म्हणाली. "आपल्याला काही जमलं नाही."

डीलर म्हणाला, टेस्ट ड्राइव्ह होती. गिऱ्हाईक कोल्हापूरचं होतं. त्यानंतर गाडीने जो महाराष्ट्र पाहिला, तो मी बसून मोबाईलवर पाहिला. एका लग्नात ती नवरीची मेकअपची खोली होती, हे एका नातेवाइकाने पाठवलेल्या व्हिडिओत दिसलं. निवडणुकीच्या दिवसांत एका उमेदवाराने तिच्यात दुपारची झोप काढली. मग समृद्धी महामार्गावरून वेगमर्यादा ओलांडल्याचं चलन आलं. 701 किलोमीटरचा तो रस्ता मी अजून पूर्ण पाहिलेला नाही आणि माझ्या हातात ही गाडी कधी साठच्या पुढे गेली नव्हती. चलनाच्या फोटोत मागच्या खिडकीतून सौ.ने शिवलेला फुलाफुलांचा पडदा बाहेर फडफडत होता. दंडाचं वाईट वाटलंच, पण इंजिनाविषयी मिस्त्री खरं बोलला होता याची खात्री पटली.

वकील मित्राला विचारलं. त्याने 2018 चा सर्वोच्च न्यायालयाचा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल सांगितला. त्यात गाडी हातोहात विकत कुठल्या कुठे गेली होती, पण नोंद पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली होती. अपघात झाला तेव्हा जबाबदार तोच, नोंदीतला मालक. "म्हणजे गाडी कुणाकडेही असो, चालवणारा कुणीही असो, मालक तू," तो म्हणाला. नवरी, उमेदवार, डीलर, कोल्हापूरचं गिऱ्हाईक, सगळे त्या गाडीत मालकासारखे बसून गेले. मालक असल्याचा कागद फक्त माझ्याकडे होता, आणि तोही डीलरच्या ड्रॉवरमध्ये.

मी आवारात जाऊन बसायला लागलो. गिऱ्हाइकं येत. बहुतेकांना गाडी घ्यायची नसे, न्हाणीघर बघायचं असे. एकेक जण आत जाऊन, उलटा चालत बाहेर येऊन, "खरंच आहे की" म्हणे. एकाला मिसळीची गाडी करायची होती. एकाला फिरतं सलून. एक काका पत्नी, सुना, नातवंडांसह आले, पलंगावर बसून फोटो काढले, ॲव्हरेज विचारलं आणि "चारधामला जायचंय, पण ट्रेनने" म्हणून गेले.

आणि मग एक तरुण डॉक्टर आले. डोळ्यांचे. त्यांनी गाडीकडे बघितलंही नाही. आधी आरसी मागितली आणि ती चष्म्याशिवाय, हातभर लांब धरून वाचली.

"मोबाईल क्लिनिक. वा. हे पासिंग तयार मिळत नाही."

एवढे दिवस जो माझ्या गाडीचा दोष होता, तीच तिची किंमत निघाली. मी ताठ बसलो आणि आठ लाख म्हणालो. डॉक्टरांनी कागद घेतला. शेगडी काढण्याचा खर्च, सिंक काढण्याचा, पलंग, पडदे, वॉलपेपर, असं एकेक लिहून ते किमतीतून वजा करत गेले. ज्या ज्या गोष्टीसाठी मी पैसे मोजले होते, त्या काढून टाकायचे पैसे ते माझ्याकडूनच घेत होते. वॉलपेपरमागचा तक्ता बघून मात्र त्यांनी हजार रुपये वाढवले.

"न्हाणीघर ठेवा," सौ. म्हणाली. "पेशंट लांबून येतात."

सव्वापाच लाखांना सौदा ठरला. डीलरने माझ्याकडून कमिशन घेतलं, डॉक्टरांकडूनही घेतलं आणि उभ्या गाडीचं भाडं वेगळं लावलं. गाडी उभी होती कधी, हे मी विचारलं, तर तो पुन्हा दुखावला. वर 18 टक्के जीएसटी संपूर्ण किमतीवर लावून बिल पुढे केलं. डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत जुन्या गाड्यांवर 18 टक्के ठरला हे खरं, पण तो डीलरने स्वतः घेऊन विकलेल्या गाडीच्या नफ्यावर. माझ्या गाडीच्या पूर्ण किमतीशी त्याचा संबंध नव्हता. एवढं एक कलम मी त्याला खोडायला लावलं. संपूर्ण व्यवहारातला माझा हा विजय कुणी विसरू नये. चलनं माझ्या नावावर होती, ती मीच भरली.

फास्टॅग त्याच संध्याकाळी बंद करून टाकला. सौ. म्हणत होती, राहू द्या, कुठे आहे ते तरी कळतं.

गाडी घेणाऱ्याने 30 दिवसांच्या आत नाव बदलून घ्यायचं असतं. ती मुदत टळून गेली आहे. डीलर म्हणतो फाइल डॉक्टरांकडे, डॉक्टरांचा कंपाउंडर म्हणतो फाइल डीलरकडे, आणि परिवहन खात्याच्या नोंदीत मालक म्हणून आजही मीच आहे. तेव्हा कन्नड, सिल्लोड, फुलंब्रीकडच्या वाचकांना विनंती: पांढऱ्या रंगाच्या, निळ्या पट्ट्याच्या गाडीत डोळे तपासायला गेलात, तर तपासणी झाल्यावर डॉक्टरांना एवढं जरूर सांगा, की फॉर्म 30 अजून आरटीओत पोहोचलेला नाही.